शेंडी नसलेलं शेंडेनक्षत्र

हेल-बॉप धूमकेतूनं आमच्या पिढीला बिघडवलं. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येकडे तोंड करून उभं राहिलं, की पुण्यातल्या गच्चीवरूनही तो शेपटीसकट नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. कुणाला काही शिकावं लागलं नाही, कुठं जावं लागलं नाही. तेव्हापासून धूमकेतू म्हटलं की लोकांच्या मनात तेच चित्र उभं राहतं. दुर्बिणीतून राखाडी, कडा नसलेला, गोलसर धूसरपणा दाखवला तर ते आपल्याकडेच संशयानं बघतात.

पण छोट्या दुर्बिणीच्या टप्प्यात येणारे बहुतेक धूमकेतू असेच असतात. मी गेली कित्येक वर्षं फलटण तालुक्यातल्या आमच्या शेतावरून असे अंधुक धूमकेतू बघत आलो आहे. माझ्या मते ते आयते कधीच दिसत नाहीत, त्यांची पारख करावी लागते आणि त्या पारखण्यातच सगळी मजा आहे. ज्यांना फक्त शेपटी बघायची आहे त्यांनी खुशाल छायाचित्रं बघावीत. बाकीच्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी शेजार पाठ करा

धूमकेतू आज कुठे आहे हे मोबाइलवरचं अॅप सांगतं. त्या जागी एरवी काय असतं, हे मात्र आपल्याला ठाऊक असावं लागतं. हेल-बॉपचा शोध लागला तोच मुळी असा. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून अॅलन हेल आणि अॅरिझोनातून थॉमस बॉप, दोघंही एकाच रात्री धनु राशीतला एम ७० हा तारकागुच्छ बघत होते. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. गुच्छाशेजारी त्यांना एक अंधुक डाग दिसला. हेल यांनी तोच भाग दोन आठवड्यांपूर्वी पाहिला होता आणि तेव्हा तिथं काही नव्हतं. शेजार पाठ नसता, तर तो डाग त्यांनी आणखी एखादी दीर्घिका म्हणून सोडून दिला असता.

उलट बाजूनं हेच काम अठराव्या शतकात फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांनी केलं. धूमकेतू शोधताना जे जे धूसर डाग दरवेळी फसवायचे, त्यांची त्यांनी यादीच करून टाकली. आज त्या यादीत ११० वस्तू आहेत आणि हौशी निरीक्षक त्या मुद्दाम शोधून बघतात. मेसिए यांच्या लेखी ती टाळायच्या वस्तूंची यादी होती.

म्हणून धूमकेतू येणार असं कळलं, की तो ज्या वाटेनं जाणार आहे ती वाट आठवडाभर आधी दुर्बिणीनं चालून यावी. कोणते तारे त्रिकोण करतात, कुठं दोन तारे जोडीनं आहेत, कुठं रिकामं आहे, हे डोळ्यात बसलं पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सी/२०२२ ई३ हा धूमकेतू सारथीतल्या ब्रह्महृदय ताऱ्याजवळून मंगळाकडे आणि तिथून रोहिणीकडे उतरत गेला. हा सगळा पट्टा आधी बघून ठेवल्यामुळे त्या दिवसांत दुर्बीण लावताच कुठला डाग आगंतुक आहे ते कळायचं.

अॅपबद्दल एक सूचना. धूमकेतूंच्या कक्षेची माहिती बदलत असते. अॅपमधली माहिती ताजी केलेली नसेल, तर ते पूर्ण खात्रीनं चुकीची जागा दाखवतं.

२. प्रतीच्या आकड्यावर भाळू नका

धूमकेतूची बातमी आली की तिच्याबरोबर प्रतीचा आकडा येतो. प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप. आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक. खऱ्या अंधारात निरोगी डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. मग चौथ्या प्रतीचा धूमकेतू सहज दिसायला हवा, नाही का?

डिसेंबर २०१८ मध्ये ४६पी/विर्टानेन आला तेव्हा हाच हिशेब करून पुष्कळ लोक गच्चीवर गेले आणि रिकाम्या हातानं खाली आले. १६ डिसेंबरला तो पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता. हे अंतर चंद्राच्या साधारण तीसपट, म्हणजे धूमकेतूच्या मानानं अगदी दारातच. प्रत चौथीच्या आसपास. जागाही सोपी, कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधली. तरी शहरातून काहीही दिसेना.

याचं कारण असं, की ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो. धूमकेतूची प्रत सांगताना त्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर तो किती तेजस्वी होईल, ते सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो. विर्टानेन जवळ आल्यामुळे त्याचा वायूचा गोळा एक अंशाहून मोठा दिसत होता, म्हणजे व्यासानं दोन चंद्रबिंबांएवढा. चौथ्या प्रतीच्या ताऱ्याचा प्रकाश एवढ्या जागेवर पसरवला, की त्याचा कुठलाही एक भाग शहरी आकाशाच्या उजेडापेक्षा उठून दिसत नाही. जवळ येणं इथं उलट नडलं.

शेतावरून दिसला तो अर्धा चंद्र मावळल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर. काचेवर फुंकर मारल्यावर उमटतो आणि लगेच विरू लागतो तसा वाफेचा डाग. दुर्बीण हलवली की जाणवे, स्थिर धरली की हरवे. एकदा खात्री पटल्यावर मात्र नुसत्या डोळ्यांनीही तिथं काहीतरी आहे हे कळू लागलं.

तेव्हा प्रतीबरोबर गोळ्याचा आकार आणि तो मध्याकडे किती दाटलेला आहे, हेही विचारा. निरीक्षक ही दाटी ० ते ९ या आकड्यांत सांगतात. शून्य म्हणजे सगळा सारखाच विरळ, नऊ म्हणजे जवळपास ताऱ्यासारखा. सहाव्या प्रतीचा दाट धूमकेतू चौथ्या प्रतीच्या विरळ धूमकेतूपेक्षा सोपा जातो, हा माझा पक्का अनुभव आहे. जगभरचे निरीक्षक आपापले अंदाज कॉब्स या नोंदसंग्रहात टाकतात. भाकितापेक्षा गेल्या तीन-चार रात्रींत लोकांना खरोखर काय दिसलं ते तिथं बघावं.

३. संकष्टीचा चंद्रोदय

आमच्या घरी कालनिर्णयवर दोन माणसांची नजर असते. संकष्टीचा उपास सोडण्यासाठी आई चंद्रोदयाची वेळ बघते, मी तीच वेळ दुसऱ्या कारणासाठी बघतो. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र रात्री नऊच्या पुढं उगवू लागतो. म्हणजे संकष्टीपासून पुढं संध्याकाळी अंधाराची एक खिडकी उघडते आणि ती रोज मोठी होत जाते.

२०२३ च्या त्या धूमकेतूच्या वेळी हे फार उपयोगी पडलं. तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला १ फेब्रुवारीला, सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटरवर. वर्तमानपत्रांनी तीच तारीख मोठी करून छापली. पण पौर्णिमा होती ५ तारखेला. जवळ असूनही चांदण्यात तो धुऊन निघाला. ९ तारखेला संकष्टी आली, आणि १० तारखेला तो मंगळाशेजारी, संध्याकाळी जवळपास डोक्यावर होता. अंतर वाढलेलं, तेजही उतरलेलं, पण चंद्र उगवायला दोन तासांहून जास्त वेळ होता. १ तारखेपेक्षा १० तारखेला तो कितीतरी चांगला दिसला. धूमकेतू पृथ्वीजवळ केव्हा येतो याला बातमीत किंमत आहे; बघणाऱ्यानं त्याची उंची आणि चंद्राची तिथी बघावी.

अमावास्या मिळाली म्हणून सगळं मिळालं असंही नाही. २०२५ चा लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या अमावास्येला. सूर्यास्तानंतर वायव्येला, मावळतीला टेकलेल्या स्वातीच्या वरच्या अंगाला. आणि त्याच क्षितिजावर लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांचा धूर. तो बघायला गावाबाहेरच्या टेकडीवर जाणं भाग होतं.

४. अंधार डोळ्यांतही व्हावा लागतो

उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याला पुरता सराव व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल एकदा बघितला, की ही मेहनत वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. विजेरीला लाल कागद लावला तर बरंच निभावतं.

गावात अंधार असतो हे अर्धसत्य आहे. खांबावरचा पांढरा एलईडी दिवा आता वाडीवस्तीवरही पोचला आहे. शेतीची वीज रात्रपाळीला असली की उसाला पाणी धरणारी माणसं डोक्याला बॅटरी बांधून बांधावरून येतात आणि विचारपूस करायला थेट तोंडावर झोत टाकतात. त्यांना काय बोलणार? ते कामावर असतात, आपण हौसेवर. त्यांना आधी सांगून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच बॅटरी विझवतात. हिवाळ्यात गळीत हंगाम असतो. कुणी पाचट पेटवली, की तो धूर थंड हवेत जमिनीलगत पसरून राहतो आणि क्षितिजापासूनचे दहा-पंधरा अंश हिशेबातून जातात. जुन्या भारनियमनाच्या दिवसांबद्दल कुणाला जिव्हाळा असेल तर तो आम्हा आकाश बघणाऱ्यांनाच.

अंधार किती खरा आहे हे ताडायला सप्तर्षींतली अरुंधती बघावी. वसिष्ठाजवळची ही तारका चौथ्या प्रतीची आहे. ती धड दिसत नसेल तर जागा बदला. सप्तर्षी वर आलेले नसतील तर कृत्तिका मोजा. सहा स्वच्छ दिसल्या तर आकाश कामाचं आहे.

आता बघायची रीत. अंधुक वस्तूकडे रोखून बघितलं की ती नाहीशी होते. डोळ्याच्या अगदी मध्यभागी, जिथं आपण नजर रोखतो, तिथं मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी नसतातच. त्या बाजूला दाटीनं असतात. म्हणून धूमकेतूच्या जागेच्या थोडं बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र त्याच्यावर ठेवायचं. एका डोळ्यानं बघत असाल तर वस्तू नाकाच्या बाजूला राहू द्या, कारण कानाच्या बाजूला त्या डोळ्याचा अंधबिंदू येतो. हे सांगायला सोपं आहे, पण साधायला सराव लागतो, कारण जे हवं आहे त्याच्याकडे न बघणं हे जन्मजात सवयीच्या विरुद्ध आहे. दुसरी युक्ती म्हणजे दुर्बिणीला हलकेच टिचकी मारणं. हलणारी अंधुक वस्तू डोळा लवकर पकडतो.

५. मोठ्या दुर्बिणीचा मोह नको

७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते. जितकं वर्धन जास्त तितकं आकाश कमी दिसतं, आणि पसरट धूमकेतू मोठ्या दुर्बिणीत सगळं दृष्टिक्षेत्र भरून टाकतो. मग त्याची कड कुठं आणि आकाश कुठं, काही कळत नाही. खर्च करायचाच तर ट्रायपॉडवर करा. तोही नसेल तर सतरंजीवर उताणं पडून कोपरं छातीला टेकवावीत. पहाटे भिंगांवर दव धरतं, पण ते हातरुमालानं पुसू नये, काच खराब होते.

६. दिसला, की दिसल्यासारखा वाटला?

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. अंधुकाच्या सीमेवर मन डोळ्याला हवं ते दाखवतं. अमुक जागी धूमकेतू आहे असं सांगितलेल्या दहा माणसांपैकी काहींना तो रिकाम्या आकाशातही दिसतो. खोटं कुणीच बोलत नाही.

मी तीन कसोट्या लावतो. पहिली, नजर हटवून, थोडं फिरून पुन्हा बघणं. दरवेळी त्याच ताऱ्यांमध्ये, त्याच जागी डाग आला पाहिजे. दुसरी, दुर्बीण थोडी सरकवणं. भिंगातला परावर्तित उजेड असेल तर तो ताऱ्यांबरोबर सरकत नाही, वेगळाच फिरतो. मंगळासारखी तेजस्वी वस्तू शेजारी असली की ही कसोटी लावायचीच. तिसरी आणि खरी कसोटी म्हणजे हालचाल. वहीत एक गोल काढायचा, त्यात दिसतील ते तारे टिंबांनी मांडायचे, डागाच्या जागी खूण करायची, वेळ लिहायची. मग तासा-दीड तासानं, पहिला न पाहता, दुसरा गोल. २०२३ च्या त्या धूमकेतूची चाल इतकी होती की दोन गोलांत टिंब उघडच सरकलेलं दिसे. संथ धूमकेतूला दुसरी रात्र द्यावी लागते. दीर्घिका आणि तारकागुच्छ आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे टिंब सरकलं की शंका उरत नाही.

चित्र चांगलं यायची गरज नाही. माझी चित्रं बघून कुणीही मला कलाकार म्हणणार नाही, पण तारखेसह ती पुरावा म्हणून उभी राहतात.

प्रतीचा अंदाजही स्वतः करून बघावा. धूमकेतू फोकसमध्ये कसा दिसतो ते लक्षात ठेवायचं. मग जवळच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यावर दुर्बीण नेऊन तो तारा फोकसबाहेर फुगवत धूमकेतूच्या आकाराएवढा करायचा आणि दोन्हींचं तेज ताडायचं. एक तारा उजळ, दुसरा मंद असे दोन मिळाले की धूमकेतू त्यांच्यामध्ये बसतो. हे जमायला लागल्यावर बातमीतल्या आकड्याची वाट बघावी लागत नाही.

७. हिरवा रंग कॅमेऱ्यासाठी

२०२३ च्या धूमकेतूला सगळ्यांनी हिरवा धूमकेतू असं नाव दिलं. छायाचित्रांत तो हिरवागार होता आणि ते खोटं नव्हतं. सूर्यप्रकाशानं उत्तेजित झालेले दोन कार्बन अणूंचे रेणू हिरवट उजेड देतात. तोच सूर्यप्रकाश ते रेणू लवकर फोडूनही टाकतो, म्हणून हिरवेपणा डोक्यापुरता राहतो, शेपटीत उतरत नाही. पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाही, त्यामुळे छोट्या दुर्बिणीतून तो राखाडीच दिसतो. कॅमेरा कित्येक मिनिटांचा उजेड साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. दाखवण्याआधी हे सांगितलं नाही तर माणूस हिरवा गोळा शोधत बसतो आणि समोरचा राखाडी नाकारतो.

८. दाखवताना आपण गप्प बसावं

त्या फेब्रुवारीत शेजारच्या रानातले तात्या आले. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींमुळे त्यांना आधी जरा धास्तीच होती. दुर्बिणीतून बराच वेळ बघून म्हणाले, “हे व्हय शेंडेनक्षत्र? आन् मग शेंडी कुठाय?”

“तात्या, ती फार फिकी आहे. हितनं नाय दिसायची.”

“मग हेला भ्यायचं कशापायी?”

माझ्याकडे तयार असलेलं अंधश्रद्धेवरचं भाषण तात्यांनी दोन वाक्यांत निकालात काढलं. ते घरी जाताना नातवाला बोलावून आणतो म्हणाले आणि आणलंही.

मुलांना दाखवताना जागा सांगू नये. घड्याळाचा आकडा विचारावा: मधल्या ताऱ्याभोवती किती वाजता धूसर काही दिसतं? दोन-तीन मुलांनी एकमेकांचं न ऐकता तोच आकडा सांगितला की आपलंही निरीक्षण पक्कं होतं. मुलांना चाळिशीतल्या माणसांपेक्षा जास्त दिसतं. वयानुसार अंधारात बाहुली कमी मोठी होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

९. भाकितं ऐकावीत, सुट्टी मात्र टाकू नये

२०१३ चा आयसॉन शतकातला धूमकेतू ठरणार होता. २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना तो विरघळला. उलट, त्सुचिनशान-अॅटलास हा धूमकेतू सूर्याजवळ पोचण्याआधीच फुटेल असं झ्डेनेक सेकानिना यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकानं जुलै २०२४ मध्ये लिहिलं होतं. तो टिकला आणि ऑक्टोबरात मोबाइलच्या कॅमेऱ्यातही शेपटीसकट आला. धूमकेतूचा गाभा बर्फ आणि धुळीचा. त्यातलं किती, केव्हा आणि कुठल्या बाजूनं उफाळेल हे आधी सांगणं अवघडच आहे. तज्ज्ञांना हसू नये. आणि कुणी पैजेवर सांगत असेल तर त्याचं ऐकूही नये.

१०. हॅलेची वाट बघू नका

हॅले पुन्हा सूर्याजवळ येईल तो २८ जुलै २०६१ ला. त्या दिवसांत महाराष्ट्रावर काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको: ढग. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतूच्या वेळी हेच झालं होतं. उत्तर गोलार्ध त्याची छायाचित्रं काढत होता आणि आपण छपराची गळती बघत होतो.

त्यापेक्षा येत्या ऑक्टोबर ते जानेवारीतल्या एखाद्या अमावास्येच्या आठवड्यात गावाबाहेर जा आणि शर्मिष्ठेच्या दक्षिण अंगाला देवयानी दीर्घिका शोधा. मधोमध दाट, कडेला विरत गेलेला तो लांबट धूसर डाग नजर बाजूला ठेवून, दुर्बिणीनं आणि दुर्बिणीशिवाय, दोन्ही प्रकारे सापडला पाहिजे. तो सापडू लागला की नोंदसंग्रहात आठव्या प्रतीपेक्षा उजळ धूमकेतू कुठला आहे ते बघा, वही घ्या, आणि निघा.